देवपाटावर पाहण्याचा कार्यक्रम

पांढुर्णा
१७ नोव्हेंबर २०२४

दादा, नमस्कार.

चिठ्ठी पाहून हसू नको. फोन माझ्याकडे बी आहे. पण तुझे कान मंदावल्यापासून तू फोनवर असा ओरडतो की सगळा मोहल्ला ऐकते. मागचं स्थळ मोडलं ते मले तुझ्या शेजारणीनं सांगितलं, तुझ्या आधी. म्हणून लिहून राहिली. सौंसरच्या बसवरचा कंडक्टर विजय ओळखीचा आहे, त्याच्या हाती पाठवतो. जवाब बी त्याच्याच हाती देजो.

मानसीसाठी स्थळ आहे. आमच्याच गल्लीतलं, प्रमिलाचा तुषार. स्टेशन रोडवर पंप-मोटारी दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे. तिशी नुकतीच ओलांडली, बाप नाही, घरात मायलेक दोघंच. पोरगा शांत. गिऱ्हाईक कितीही तणतणत आलं तरी हा हसूनच बोलते. प्रमिलाले फोटो आवडला, त्याले तर त्याहून जास्त. दोघांचे नंबर मी एकमेकांले देऊन टाकले. आजकाल तसंच करतात.

आता नीट वाच. मानसीच्या लहानपणच्या ऑपरेशनचं मी तिकडे काही बोलली नाही. तू बी नको बोलू. दिलात छेद होता, तो नागपूरच्या डॉक्टरनं कधीचाच बंद केला. पोरगी आता ठणठणीत आहे, मग तेच ते काऊन उगाळायचं? आतापर्यंत खरं सांगून काय भेटलं आपल्याले? येणारे चहा पिऊन गेले, दुसरं काय. मीनावहिनी असती तर तिनं बी हेच सांगितलं असतं.

कार्यक्रम जामसावळीले मारुतीच्या देवळात ठेवू. कोणी पाहिलं तर दर्शनाले आलो म्हणायचं. जमलं नाही तर आपले नारळ घेऊन आपापल्या घरी.

तुझी
अलका


सौंसर
२१ नोव्हेंबर २०२४

अलका,

स्थळ चांगलं दिसते. ऑपरेशनचं बोलणार नाही. पण जामसावळीचं नाव माझ्यापुढे काढू नको.

तुला मी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथंच गेलो होतो, मुलताईकडचं स्थळ होतं. प्रसादाच्या रांगेत उभे असताना पोराच्या मावशीनं सगळ्यांसमोर मानसीला विचारलं, टाक्यांचा वण ब्लाउजच्या गळ्यातून दिसते का म्हणून. मानसी म्हणाली, दिसते. आणि नारळ तसाच हातात घेऊन गाडीत जाऊन बसली. त्या दिवशी मी ठरवलं, माझी पोरगी पाहायची असेल तर मी दाखवीन तिथं पाहायची.

देवपाटावर पाहायची. तू कधी आली नाहीस, म्हणून सांगतो. खाली सागाचं जंगल, मग धावडा आणि तेंदूतून वळणावळणाची पायवाट, शेवटी खडी चढण, आणि वर हा एवढा सपाट पाथर. तिथं उभं राहिलं की कन्हानचं वळण दिसते, लोधीखेड्यापर्यंतचे संत्र्याचे बगीचे दिसतात, आणि मागे सातपुड्याच्या रांगांमागे रांगा. आमचं रविवारचं मंडळ तिथं जाते. सगळ्यात पुढे मानसी असते. मागे राहिलेल्यांना हात द्यायला तीच परत खाली येते.

जिला जिना चढू देऊ नका म्हणून लोक सांगत होते, तिला मी तिथं नेली. पहिल्या वर्षी आंब्याच्या झाडापर्यंत. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या टाक्यापर्यंत. दहावीच्या परीक्षेनंतर ती पाथरावर पोचली आणि मी तिथं बसून रडलो, हे तिलाही माहीत नाही. त्या पोरीचं काळीज मी त्या टेकडीवर घडवलं आहे. मग तोंडानं काही सांगायची गरजच काय? त्यांनी तिला चढताना पाहावं, शंका आपोआप फिटते.

आणि पोरालाही चढू दे. मागे एक बँकवाला आणला होता, अर्ध्या वाटेत बसून थंडा मागत होता. मला जावई टेकडी चढणारा पाहिजे. दुसरी माझी काही अट नाही.

रवींद्र


पांढुर्णा
२७ नोव्हेंबर २०२४

दादा,

तू मास्तरकी सोडली पण हेका सोडला नाही. पाहायला आलेल्या लोकायले घाम काढायले लावते का कोणी? प्रमिलाचे गुडघे गेलेले. नवी साडी नेसून ती काय काट्याकुट्यात फिरंल? शिवाय जंगलात बिबट आहे म्हणून तूच मागे सांगत होता. आग्यामोहोळ आहे. थंडीत पहाटे उठायचं, पोराच्या दुकानात रब्बीचा हंगाम, मोटारींची रांग लागली आहे.

जामसावळी नको तर नको. लोधीखेड्याले माझ्या नणदेचं घर आहे, अंगणात खुर्च्या टाकू, जेवण मी करतो. नाही तर तुमच्याच घरी ठेव. शेजारीपाजारी पाहतील तर पाहतील, आपण काय चोरी करून राहिलो?

टेकडी लग्नानंतर दाखव ना जावयाले. पोरगा नाजूक स्वभावाचा आहे, पहिल्याच भेटीत त्याची परीक्षा घेतलेली त्याले आवडणार नाही.

बाकी एक चांगलं झालं. दोघं फोनवर बोलून राहिले. संध्याकाळी दुकान बंद करून तुषार ओट्यावर बसते आणि एकटाच हसते. प्रमिला माझ्याकडे पाहून डोळा मारते. एवढं जमून आलेलं हातानं नको बिघडवू.

अलका


सौंसर
३ डिसेंबर २०२४

अलका,

तुझी चिठ्ठी वाचून माझं डोकं फिरलं. बिबट, मोहोळ, साडी, गुडघे. लहानपणी शाळा बुडवायची असली की तू अशीच कारणं द्यायची, एकावर एक. खरं काय ते मला समजून राहिलं आहे. तुला वाटते, पोरगी वाटेत धापा टाकंल आणि तुझ्या मैत्रिणीसमोर तुझी शोभा होईल. तुझाही तिच्यावर भरवसा नाही. तिची आत्या असून.

तू येच आणि पाहा.

रविवार, १५ तारीख. सकाळी पायथ्याशी भेटू. प्रमिलाबाईंनी खाली खुर्चीवर बसावं, मंडळाची शेगडी आहे, चहा-पोहे तिथंच होतील. पोरगा वर येईल. नाही आला तर त्याला पांढुर्ण्यातच ठेव, मोटारी दुरुस्त करत बसू दे.

मानसीसुद्धा परवा म्हणाली, बाबा, जामसावळीलाच ठेवा ना. मी म्हटलं, तुला काय झालं, तुझी तर टेकडी आहे ती. तर म्हणे, माझ्यासाठी नाही म्हणत. मग कोणासाठी? आत्यासाठी? मी जरा जोरात बोललो. ती उठून भांडे घासायला गेली. तूच तिचे कान भरले असतील. हे बरं नाही.

रवींद्र


पांढुर्णा
७ डिसेंबर २०२४

दादा,

ठीक आहे. तुषार स्वतःच म्हणाला, आत्या, तुम्ही काळजी नका करू, मी येतो. नवे बूट बी घेतले त्यानं.

माझं एवढंच ऐकजो. सावकाश चाला. तू पुढे पुढे पळू नको, पोरायले त्यांच्या चालीनं येऊ दे. वाटेत बसतील तर बसू दे, टोमणे मारू नको. तुझी जीभ मले माहीत आहे.

अलका


सौंसर
१८ डिसेंबर २०२४

अलका,

दवाखान्यातून तू मला हात धरून बाहेर काढलं, म्हणून मला तोंडावर बोलता आलं नाही. आता लिहितो.

तू खाली प्रमिलाबाईंजवळ बसली होतीस. वर काय झालं ते माझ्याकडून ऐक. सागाच्या जंगलापर्यंत पोरगा बरा चालला. मानसी त्याच्यासंग मागे राहिली. मी दोनदा हाक मारली, तर म्हणे, बाबा, तुम्ही व्हा पुढे, आम्ही पक्षी पाहून राहिलो. आंब्याखाली ते बसले, टाक्यापाशी पुन्हा बसले. मंडळातला विनोद हसला, जावईबापूंना पालखी आणायची का म्हणून. मीही हसलो. मी म्हटलं, दहावीनंतर मानसी इथून पळत जायची. पोरगा उठला आणि चालायला लागला, आता माझ्याही पुढे.

खड्या चढणीवर तो दगडाला धरून उभा राहिला. ओठ निळे झाले होते. मग खालीच बसला. खोकला लागला, तो थांबेना. आम्ही त्याला आडवं करायला धावलो तर मानसी ओरडली, "आडवं नका करू, बसवून ठेवा." त्याच्या मागे गुडघे टेकून तिनं त्याला छातीशी टेकवलं, शर्टाची बटणं सोडली, आणि त्याच्या पँटच्या मागच्या खिशातून गोळ्यांची पत्ती काढली. तिला खिसा कसा माहीत, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

धावड्याच्या दोन काठ्यांना सतरंजी बांधून आम्ही त्याला बसवून खाली आणलं. माझा खांदा अजून सुजलेला आहे. पाथर तिथून हाकेवर होता. त्याच्यापर्यंत कोणीच पोचलं नाही.

पुढचं तू ऐकलंच. प्रमिलाबाई माझ्या छातीवर मुठी मारून म्हणत होत्या, माझ्या लेकराचा व्हॉल्व्ह खराब आहे, लहानपणच्या तापात गेला, दर महिन्याला त्याला सुई लागते, सगळ्या गल्लीला माहीत आहे.

सगळ्या गल्लीला. अलका, तू त्याच गल्लीत राहतेस.

तुला माहीत होतं. माझी पोरगी तू एका आजारी माणसाच्या गळ्यात बांधून राहिली होतीस, तेही माझ्यापासून लपवून. सख्खी बहीण. असं कोणी वैऱ्यासंगही करत नाही.

रवींद्र


पांढुर्णा
२४ डिसेंबर २०२४

दादा,

हो, मले माहीत होतं. मी लपवलं. तुझ्यापासून त्याचं लपवलं आणि प्रमिलापासून मानसीचं. मले वाटलं, हिच्या बी दिलाची गोष्ट, त्याच्या बी दिलाची गोष्ट, बरोबरी होते. लग्न झालं की दोघं एकमेकांले सांगतील, कोण कोणाले नावं ठेवणार? माझ्या डोक्यात एवढंच होतं. बेअक्कल म्हण, काही बी म्हण.

पण वैरीण म्हणायच्या आधी स्वतःची पहिली चिठ्ठी आठव. ऑपरेशनचं बोलणार नाही, असं कोणी लिहिलं होतं? तुझं लपवणं ते शहाणपण, आणि माझं लपवणं ते पाप, हा कुठला हिशोब?

आता जे सांगतो ते बसून वाच. काल दवाखान्याच्या पायरीवर मानसी माझ्याजवळ बसली होती. मी तिचे पाय धरायले निघाली, तिनं धरू दिले नाही. मग तिनं सांगितलं. पहिल्या आठवड्यातच फोनवर तुषारनं तिले आपल्या व्हॉल्व्हचं सांगून टाकलं होतं. तिनं बी आपल्या टाक्यांचं सांगितलं. त्या दिवसापासून दोघं जे बोलायचे ते हेच, की कोणती गोळी कधी, कोणत्या डॉक्टरनं काय म्हटलं. आपण दोघं बहीणभाऊ इकडे चिठ्ठ्या धाडून झाकत होतो, आणि ज्यांच्यापासून झाकायचं होतं ते रोज त्याच्यावर हसत होते.

मग तिनं तुले जामसावळीचं म्हटलं. तू ओरडला. ती तुषारले म्हणाली, येऊ नको, मी बाबाले खरं सांगतो. त्यानं तिले काय म्हटलं माहीत आहे? तिचेच शब्द लिहितो. "तुझ्या बाबांची एकच अट आहे. आधी खरं सांगितलं तर ते मला उंबऱ्यातूनच परत पाठवतील. एकदा चढून दाखवतो, मग सांगू."

तुझ्या एका 'हो'साठी तो चढला, दादा. ती मागे राहून त्याले बसवत होती, पक्ष्यांचं नाव करून. तुम्ही लोक वरून हसले.

व्हॉल्व्हचं ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं आहे. मानसी प्रमिलाच्या घरी राहून रोज इथून नागपूरले जाऊन येते. प्रमिला तिले आत घेते. मले घेत नाही.

अलका


सौंसर
२ जानेवारी २०२५

अलका,

मी हसलो, ते विनोद हसला म्हणून. मला ज्योतिष येत नाही. ज्याचा व्हॉल्व्ह खराब आहे त्यानं टेकडी चढायची नाही, हे त्याला समजायला पाहिजे होतं. मी कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?

तू म्हणशील, नसतं. तू काहीही म्हणशील.

मी त्या पोरीसाठी काय केलं हे तुला, प्रमिलाबाईला, कोणालाच समजणार नाही. रात्र-रात्र तिच्या श्वासावर कान ठेवून बसलो आहे मी. मीनाला म्हणायचो, झोप तू, मी जागतो. माझ्यासारखा तिला कधी कोणाच्या छातीवर कान ठेवावा लागू नये, एवढंच मला पाहिजे होतं. चढणारा जावई मागितला तो काय मिरवायला? आणि तू तिला पुन्हा त्याच दवाखान्याच्या पायरीवर नेऊन बसवलं.

मानसीला सांग, रविवारपर्यंत घरी ये. तिच्याशी फोनवर बोललो तर ती म्हणते, बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ठेवून देते. मला ऐकू येते. रविवारी मंडळ देवपाटावर जाणार आहे, तिची वाट पाहतील. आली नाही तर मी समजून जाईन. तूही मग मला लिहू नको.

रवींद्र


पांढुर्णा
११ मे २०२५

दादा,

लिहू नको म्हटलं होतं, तरी लिहून राहिली. दुसऱ्या कोणाकडून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून येऊ दे.

काल मानसीचं लग्न झालं. तुषारचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, फेब्रुवारीतच तो दुकानात बसायले लागला. लग्न प्रमिलाच्या अंगणात झालं, मांडव लहानच होता. गल्लीतले झाडून सगळे होते.

मी नव्हती. माझ्या दारातून मांडव दिसते. सकाळपासून मी नवी साडी नेसून दारात उभी होती, की बोलावतील. अक्षदा बी हातात घेऊन ठेवल्या होत्या. मंगलाष्टकं झाली, टाळ्या झाल्या. मग दोघं गल्लीत सगळ्यांच्या पाया पडायले निघाले. माझ्या शेजारच्या दारापर्यंत आले. मानसीनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिथूनच मागे वळली. तुषार एक क्षण थांबला होता, खोटं नाही बोलत. तिनं त्याचा हात धरून नेला.

मी आत येऊन साडी बदलली आणि स्वयंपाकाले लागली. दुपारी प्रमिलानं ताट झाकून पाठवलं, जसं सुतकातल्या घरी पाठवतात. मी ते गाईले घातलं.

कन्यादान तिनं करूच दिलं नाही कोणाले. म्हणे, मी माझ्या पायानं आली आहे.

मले जे भेटलं ते माझ्या करणीचं, मी कोणाले दोष नाही देत. पण तू बाप आहे. तू मेल्यावर ती घरी येईल, याची वाट पाहून राहिला का? तू जा तिच्याकडे. काही समजवायले नको जाऊ, नुसता जा.

अलका


सौंसर
१२ ऑक्टोबर २०२५

अलका,

परवा मी पांढुर्ण्याला येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही. तुझ्या दारावरून गेलो, तू अंगणात वडे वाळत घालत होतीस, पाठमोरी. हाक मारावीशी वाटली नाही, खरं ते लिहितो.

पोरीची पहिली दिवाळी आहे. बोलावणं करायला बापानं जायला पाहिजे, रीत आहे. तिच्यासाठी साडी, त्याच्यासाठी कापड आणि इथल्या बगीच्यातले संत्रे घेतले होते. दुकानातच गेलो. तुषार एक मोटार उघडून बसला होता, हात काळे. उठला, मनगटानंच खुर्ची पुढे सरकवली. तब्येत भरली आहे त्याची. ओठांना रंग आला आहे. मानसी आता दुकानातच बसते, गिऱ्हाईकाशी तीच बोलते. तिनं मला नमस्कार केला. चहा सांगितला. खांदा कसा आहे विचारलं. मला वाटलं, आता निवळलं.

मी दिवाळीचं म्हटलं. ती म्हणाली, पाहू. मग मीच बोलत सुटलो. मंडळ म्हातारं झालं, विनोदही आता येत नाही, मी एकटाच आंब्यापर्यंत जाऊन परत फिरतो, असं सगळं सांगितलं. आणि म्हणालो, पाडव्याला आपण तिघं जाऊ देवपाटावर, सावकाश, जावईबापूंना झेपेल तिथपर्यंत.

तुषार खाली पाहून स्क्रू पिळत राहिला. मानसी म्हणाली, "आम्ही जाऊन आलो, बाबा. दसऱ्याला. डॉक्टरनं मोकळं केलं आहे यांना. पाथरावर डबा खाल्ला आणि आलो."

दसऱ्याला मी घरीच होतो. देवपाटाची वाट माझ्या दारावरून जाते. आपट्याची पानं वाटायला म्हणून मी दिवसभर ओट्यावर बसून होतो, कोणी जाताना दिसलं नाही. मी विचारलं, कुठून गेले तुम्ही? तर म्हणे, पलीकडून, मोहगावच्या अंगानं एक वाट आहे. लांब पडते, पण तुमचं घर लागत नाही.

तिनं हे रागानं नाही म्हटलं. मोटारीची किंमत सांगावी तसं सांगितलं आणि गिऱ्हाईकाकडे वळली.

संत्रे मी काउंटरवर ठेवून आलो. साडीची पिशवी परत आणली, का आणली ते समजत नाही.

अलका, तू त्या गल्लीत राहतेस. ते दोघं पुन्हा निघतील तेव्हा तुला दिसतील. मला फक्त कळव की आज गेले. मी ओट्यावर बसणार नाही, दार लावून घेईन. तिला जवळच्या वाटेनं जाऊ दे.

रवींद्र